गच्चीवरची काळी काच

संपदा गावंडेला कुणी "क्या चल रहा है" असं विचारलं, की "बस, चल रहा है" म्हणून ती विषय मिटवते. खरं उत्तर द्यायला बसलं तर तास जायचा, आणि ऐकणाऱ्याचं लक्ष त्याआधीच कचोरीवाल्याच्या कढईकडे वळतं, हे जयपुरात इतकी वर्षं काढून तिला पक्कं ठाऊक झालंय. खरं उत्तर असं, की तिचं सगळं आयुष्य एका काळ्या थरात अडकून पडलं आहे. दोन काचांच्या मध्ये पसरलेला थर, केसाच्या शंभराव्या हिश्श्याहून पातळ. त्यावर ऊन पडलं की वीज निघते. तो काळा असेतो जिवंत, पिवळा पडला की मेला. बाकी सगळं, म्हणजे पीएचडी, पेपर, परिषदांतली भाषणं, हे या एका वाक्याच्या अंगावरचे दागिने.

तिला या गावात आणलं ते तिच्या वडिलांनी. गोपीनाथ गावंडे विमा कंपनीच्या अकोला ऑफिसात क्लेमचं काम पाहायचे. माल जळला, बुडाला, सडला, की तो कशाने गेला ते शोधून काढायचं आणि पैसे द्यायचे की नाही ते ठरवायचं. बदली जयपूरला झाली तेव्हा संपदा चौथीत होती. "तीनक वर्षं काढू अन् वापस जाऊ," असं बायकोला सांगून ते आले. मग पोरीची शाळा, मग पोरीचं कॉलेज, मग सुनंदाताईंचं आजारपण. मुरलीपुऱ्यात दगडी पट्ट्यांच्या छताचं घर बांधलं, त्याच घरातून सुनंदाताईंना शेवटचं नेलं, आणि अकोला राहिलं ते फक्त गोपीनाथरावांच्या जिभेवर. घरात ते आजही वऱ्हाडीच बोलतात. पोरीची गोष्ट निराळी. तिची मराठी घरापुरती, हिंदी जगापुरती आणि इंग्रजी कामापुरती. मराठीत तिला रडता येतं, रागवायचं झालं की मात्र ती हिंदीत जाते.

ती चाळिशी ओलांडून गेली तरी तिच्या नोकरीला अजून मूळ फुटलेलं नाही. सीकर रोडच्या पुढे एका खाजगी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ती आहे, पण आहे ती प्रकल्पावर. प्रकल्प संपला की दुसरा शोधायचा, तो मिळेपर्यंत जीव मुठीत धरून बसायचं. मध्यंतरी स्थळं आली. मुलाकडचे विचारायचे, पर्मनंट आहे का. ती म्हणायची, हा प्रोजेक्ट होऊ द्या. हळूहळू विचारणारे थकले आणि प्रोजेक्ट काही 'होईना'. तिच्याबरोबरचे कुणी परदेशी गेले, कुणी कोटा गाठून क्लासेस काढले. ही राहिली, कारण हिचा त्या काळ्या थरावर जीव जडला होता. माणसं माणसांवर जीव लावून फसतात, ही शिशावर आणि आयोडीनवर लावून फसली.

त्या काळ्या थराचं नाव पेरॉव्हस्काईट; हा शब्द गोपीनाथरावांना कधी नीट म्हणता आला नाही. पण पदार्थ मात्र त्यांनी समजून घेतला होता. रिटायर झालेल्या माणसाला वेळ असतो आणि पोरीच्या जेवणाच्या ताटासमोर बसायला निमित्त हवं असतं. एकदा पोळी वाढता वाढता त्यांनी विचारलं, "असं काय हाये गं त्याच्यात?" संपदाने ताटातच बोटाने दाखवलं. मधोमध शिशाचा एक अणू. त्याच्या वर एक, खाली एक आणि चारी अंगांना चार, असे सहा आयोडीन. हे झालं एक घर. पण प्रत्येक आयोडीन दोन घरांत सामाईक, आपल्या आणि शेजारच्या अग्रवालांच्या भिंतीसारखा. अशी घरं कोपऱ्याला कोपरा लावून सगळीकडे पसरलेली, आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या चौकात एकेक मोठा रेणू येऊन बसलेला. तो रेणू लहान पडला की घरं कलतात. फार मोठा झाला की मांडणीच मोडते, घरं एकमेकांना चिकटून रांगेत उभी राहतात, आणि ती मांडणी पिवळी. पिवळीला ऊन पकडताच येत नाही.

"आमचा रेणू किंचित मोठा आहे, बाबा. मतलब, बसतो, पण अंग चोरून बसतो. नेहमीच्या हवेत त्याला काळं राहायचंच नसतं, जबरदस्तीने ठेवावं लागतं."

"मंग दुसरा भाडेकरू पाहा."

"पाहिला ना. लहानवाला उन्हात घर सोडून पळतो. म्हणून थोडा हा, थोडा तो, आणि जरासं सीझियम, असं मिसळून भांडण मिटवलंय."

"मिटलं का?"

"लॅबमध्ये मिटतं," संपदा म्हणाली. "आणि एक खोड आहे. यातलं आयोडीन जागेवर राहत नाही. ऊन लागलं की एकेक अणू जागा सोडून सरकतो, मागे खड्डा राहतो, त्यात दुसरा येतो. रात्री अंधारात बरेचसे परत आपल्या जागी येतात. म्हणून संध्याकाळी थकलेली काच सकाळी पुन्हा चांगली वीज देते."

हे गोपीनाथरावांना फार आवडलं. "झोप झाली की बरं वाटते तिले," असं ते त्या दिवसापासून म्हणायला लागले. 'बरेचसे' या शब्दावर मात्र ना त्यांनी बोट ठेवलं ना तिने. सगळे परत येत नाहीत. रोज थोडे बाहेरच राहतात.

तर अशी एक काच, पाटाएवढी, त्या वर्षीच्या हिवाळ्यात मुरलीपुऱ्याच्या गच्चीवर आली. प्रयोगशाळेच्या पेटीत, कोरड्या नायट्रोजनमध्ये, नरम दिव्याखाली या काचा राण्यांसारख्या राहतात. पण दिल्लीहून पैसे देणाऱ्यांनी अट घातली, की जयपूरच्या खऱ्या उन्हात ती काच पावसाळा येईपर्यंत काळी राहिली तरच पुढचा टप्पा. नाहीतर प्रकल्प बंद, म्हणजे संपदाही बंद. विद्यापीठाच्या छतावर माकडं फार, म्हणून तिने ती घरी आणून लोखंडी चौकटीत बसवली. याआधीच्या काचा होळीसुद्धा न पाहता गेल्या होत्या. ही शेवटची, हे ती वडिलांना म्हणाली नव्हती, पण क्लेमची फाइल उघडण्याआधीच माणसाचा चेहरा वाचायची सवय असलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

गोपीनाथरावांनी त्या काचेची चाकरीच धरली. संक्रांतीला सगळं जयपूर छतावर असतं, कटलेल्या पतंगामागे पोरं या गच्चीवरून त्या गच्चीवर उड्या मारतात. गोपीनाथराव दिवसभर काचेपाशी खुर्ची टाकून हातात काठी घेऊन बसले आणि 'वो काटा'च्या गदारोळात एकालाही तिच्या जवळ फिरकू दिलं नाही. तिळगूळही तिथेच खाल्ला. कबुतरांसाठी चौकटीवर जुन्या सीडी टांगल्या. धूळ पुसायला सुनंदाताईंच्या मऊ झालेल्या सुती साडीचा तुकडा ठेवला, आणि पुसायचं ते कोरडंच, ही ताकीद पोरीने देण्याआधी स्वतःच स्वतःला दिली. संपदा सकाळी गच्चीवरून खाली आली की जिन्याच्या पायथ्याशी त्यांचा प्रश्न ठरलेला. "काळी हाये का?"

"काळी आहे, बाबा."

एवढं ऐकलं की ते चहाचं आधण ठेवायचे.

अडचण एकच होती. उन्हाळा लागला की संध्याकाळी पाइप घेऊन गच्चीवर पाणी मारायचं आणि तिथेच खाट टाकून झोपायचं, ही त्यांची अकोल्यापासूनची सवय, आणि जयपूरने तिला कधी नावं ठेवली नाहीत. इथेही दर घरच्या छतावर सूर्य कलला की तेच चालतं. दगडी पट्ट्या चुरचुरतात, मातीचा वास येतो, तासाभरात दगड निवतो. संपदाने विटांची एक ओळ मांडली. पाणी ओळीच्या अलीकडे, काच पलीकडे. गोपीनाथरावांनी ती ओळ एप्रिलभर आणि मेभर सीमेसारखी पाळली, पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून, कमरेत वाकून, थेंब तिकडे उडू न देता. काच काळी राहिली. मेच्या शेवटी वीज थोडी उतरली होती, पण तापलेल्या काचेची वीज उतरतेच, असं म्हणून संपदाने ते उन्हावर ढकललं. तिच्या चालण्यात त्या दिवसांत एक उचल आली होती. तिने डॉ. खंगारोतांना, म्हणजे तिच्या प्रमुखांना, पुढच्या टप्प्याचा आराखडासुद्धा बोलून दाखवला.

मग जूनमध्ये एका संध्याकाळी आंधी आली. जयपूरची आंधी म्हणजे आधी पश्चिमेकडे तांबडी भिंत उभी राहते आणि मग कुणाला काही दिसेनासं होतं. तिच्या शेपटाला पावसाचे चार थेंब होते, न धड पाऊस न धड कोरडं. गोपीनाथराव वर गेले तेव्हा काचेवर चिखलाचा थर बसला होता. कोरड्या फडक्याने पुसावं तर रेतीने काच ओरखडायची. संपदा लॅबमध्ये होती, फोन लागेना. त्यांनी बराच वेळ विचार केला. मग विटांची ओळ ओलांडली, पाइपाची धार अगदी बारीक केली आणि लहान मुलाला न्हाऊ घालावं तसं काचेला धुतलं. लगेच साडीच्या तुकड्याने टिपून कोरडी केली. काच लखलखीत झाली. पोरीला उगाच घोर नको, म्हणून तिला काही बोलले नाहीत. एवढीच त्यांची चूक, आणि ती माया केल्याची.

त्यानंतरचे चार-सहा दिवस लॅबच्या कामात संपदाचं वर जाणं राहिलं; मग ती गेली आणि तिला काचेत पिवळं दिसलं. ठिपका नव्हे, चांगलं तळहाताएवढं. ती तिथेच विटांवर बसून राहिली. ऊन चढत होतं आणि ते तिच्या डोक्यावर आणि काचेवर सारखंच पडत होतं.

खाली आल्यावर नेहमीचा प्रश्न आला आणि तिने सांगितलं, "पिवळी पडली."

गोपीनाथरावांनी गॅस बंद केला. पंच्याला हात पुसले. "मी धुतली होती," ते म्हणाले. "आंधीच्या दिवशी. चिखल बसला होता वो सगळा. मले वाटलं, वरून तर काचच हाये."

संपदाने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, भांडण होऊन मिटलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "आपने मेरी पूरी ज़िंदगी पानी में डाल दी, बाबा." पोरीच्या तोंडचं ते 'आपने' ऐकून गोपीनाथराव परक्या साहेबासमोर उभं राहावं तसे हात जोडल्यासारखे उभे राहिले. हिंदीत त्यांनी आयुष्यभर नोकरी केली होती, पण त्या भाषेत त्यांना पोरीची माफी मागता येईना. मराठीत मागावी, तर ती निघून गेली होती.

त्या दिवसापासून ते गच्चीवर गेले नाहीत. पाइप गुंडाळून अग्रवालांकडे दिला, "आपल्याले काय करायचा आता." खाट खाली आली. जूनमध्ये दगडी छत रात्रभर भट्टीसारखी आग ओकतं, त्याखाली पंख्याचा गरम वारा घेत पडून राहायचे, कूलरमध्ये पाणी भरायलासुद्धा नको म्हणायचे. आणि एक नवीनच सुरू झालं. पोरीला चहा देताना कपाचं बूड पंच्याने पुसून द्यायचे. तिच्या पिशवीला, कागदाला, चपलेला हात लावायचा झाला तरी आधी हात कोरडे करायचे. संपदाला ते दिसत होतं. "राहू द्या ना बाबा," एवढं म्हणायला हवं होतं. ती म्हणाली नाही. खरं सांगायचं तर तिच्या मनात त्या वेळी त्यांच्याबद्दल माया नव्हती. होता तो राग, आणि त्या रागाला धरूनच ती उभी होती.

कारण पाण्याने काच गेली असेल तर पदार्थ निर्दोष होता. एवढाच हिशेब. पाणी आत शिरलं, तर दोन काचांच्या कडा बंद करणारं सील वाईट. सील सुधारता येतं, ती काय मोठी बाब. मग इतकी वर्षं वाया गेली नाहीत, घरं नीट बांधली होती, भाडेकरू बरोबर निवडला होता, बाहेरून पूर आला त्याला कोण काय करणार. या धंद्यातली सगळी माणसं आधी पाण्यालाच पकडतात. पाणी हा असा आरोपी आहे की तो कधी नाही म्हणत नाही.

लॅबमध्ये त्या काचेला पेटीत ठेवून, लांब रबरी हातमोज्यांत हात घालून, तिने एका सकाळी कडेचं सील कापलं. कड सुकी होती. पिवळं एव्हाना वाढलं होतं, तरी चारी बाजूंनी बोटभर रुंदीची पट्टी अजून काळी, अगदी शाईसारखी काळी होती. पाणी आलं असतं तर ते कडेने आलं असतं आणि पिवळं कडेकडून आत सरकलं असतं. इथे उलटं होतं. पिवळं मधून निघालं होतं, जिथे काच सर्वात जास्त तापते तिथून, आणि तिथलं मागचं, वीज गोळा करणारं चांदीचं पातळ अस्तर आतून काळवंडून खरखरीत झालं होतं. रोज उन्हात जागा सोडून निघालेलं आणि रात्री परत न आलेलं आयोडीन चालत चालत चांदीपर्यंत पोहोचलं होतं आणि तिला खाऊन बसलं होतं. मागे खड्डे राहिले होते, आणि मोडायला टेकलेली मांडणी त्या खड्ड्यांवरून कोसळली होती. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. पाण्याचा एक थेंब आत गेला नव्हता. बापाने धुतली ती फक्त काच होती.

आणि खरं म्हणजे हे तिने गच्चीवरच पाहिलं होतं. पिवळं मधोमध होतं, हे तिला पहिल्या नजरेला दिसलं होतं. तिने ते स्वतःला दिसू दिलं नव्हतं, इतकंच.

लहानपणापासून ऐकलेली एक गोष्ट तिला तिथे, हातमोज्यांत हात असतानाच आठवली. अकोल्याला सरकीच्या ढेपेचं एक गोदाम जळलं होतं. व्यापारी म्हणत होता, बाहेरून ठिणगी पडली. गोपीनाथराव राखेत उतरले. कडेची पोती शाबूत, मधली कोळसा. ढेप गरम असतानाच कोंबून भरली की ती आतल्या आत तापते आणि आपली आपण पेटते. बाहेरून आलेल्या आगीला विमा असतो, मालाच्या अंगच्या दोषाला नसतो. व्यापाऱ्याने पाय धरले, तरी त्यांनी क्लेम नामंजूर केला. ही गोष्ट सांगून झाली की ते नेहमी म्हणायचे, "कडेनं जळलं तर लोकायनं जाळलं. मधून जळलं तर ते आपलं आपण जळलं." ही काच त्यांना नुसती दाखवली असती, तर त्यांना दुसरं काही सांगावं लागलं नसतं.

डॉ. खंगारोतांनी काच पाहिली. माणूस वाईट नाही. त्यांच्या लॅबमध्ये आणखी चार जणांची पोटं आहेत. ते चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, पानी लिख दीजिए. आपके फादर ने धोया था, यह सच ही है. पानी सबको समझ में आता है, अगला फेज़ सीलिंग पर मिल जाएगा. अंदर की खराबी लिखेंगे, तो फ़ाइल यहीं बंद." संपदा म्हणाली, विचार करते. बसने घरी येताना विचार केला, तो बापाचा. आज जाऊन त्यांना सांगायचं, की बाबा, तुमचा काही दोष नव्हता. मग प्रकल्पाचं काय व्हायचं ते होवो. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही घरच्या संन्याशाला, हे काही तिला झेपण्यासारखं नव्हतं. मुरलीपुऱ्याच्या स्टॉपवर उतरेपर्यंत तिचं ठरलं होतं, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला हलकं वाटत होतं.

गोपीनाथराव दिवाणावर बसले होते, वाटच पाहत. ती चप्पल काढते न काढते तोच त्यांनी विचारलं, "झाला सर्व्हे? कारण काय निघालं?"

तिने तोंड उघडलं. पण ते थांबले नाहीत. इतक्या दिवसांचं मनात साचलेलं होतं.

"मी सगळा विचार केला, संपदा. पाणी निघालं असंन तर चांगलंच हाये. बाहेरचं कारण हाये ते. मी लिहून देतो पाहिजे तर, माह्या हातानं झालं म्हणून, सही करून देतो. मंग तुले पुन्हा देतीन ते. आतून निघालं असतं ना, तर मातर संपलं होतं सगळं. अंगच्या दोषाले कोणी पैसा देत नाई, बाप्पा. मी रोज देवाले हेच म्हणतो, की पाणीच निघू दे."

त्यांच्या डोळ्यांत आशा होती. स्वतःचा गुन्हा शाबित व्हावा म्हणून नवस बोललेला माणूस तिने याआधी पाहिला नव्हता. त्यांनी आपल्या चुकीचीच पोरीसाठी शिडी केली होती, आणि आता ती काढून घ्यायची म्हणजे त्यांच्या हातात काय ठेवायचं? तुम्ही निर्दोष आहात, आणि तुमच्या पोरीचं आयुष्य आतूनच पोकळ होतं, हे? निदान त्या क्षणी तिला असं वाटलं. त्यात तिची स्वतःची भीती किती होती, पुन्हा रिकाम्या हाताने कुणाच्या तरी दारात उभं राहण्याची, ते तिला तेव्हाही वेगळं काढता आलं नाही आणि आजही येत नाही.

"पाणीच निघालं, बाबा," ती म्हणाली.

गोपीनाथरावांनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं," ते म्हणाले, आणि मान खाली घालून रडायला लागले. दोन्ही एकदमच. संपदाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिला फार जड लागत होता.

अहवालात पाणी लिहिलं गेलं. पुढचा टप्पा मिळाला, सीलिंगचा. हिवाळ्यात नवी काच गच्चीवर आली, दुहेरी सीलची, आतला पदार्थ थोडा इकडेतिकडे करून तोच. गोपीनाथरावांनी तिला पाहिलेलंही नाही. संपदाने दोनदा म्हटलं, चला ना वर, तर म्हणाले, "नाई वो, माह्या हाताचा काई भरवसा नाई." संक्रांतीला सगळं शहर छतावर ओरडत होतं आणि ते खालच्या खोलीत खिडकी लावून बसले होते. या वर्षी गच्चीवर पाणी मारायला कुणी नाही. दगड संध्याकाळीही चटके देतो. विटांची ओळ तशीच आहे, तिच्या अलीकडे आणि पलीकडे सारखंच कोरडं आहे.

परवाची सकाळ. मे अजून संपायचा आहे. संपदा गच्चीवर गेली. रोज ती आधी कडा पाहते, मग डोळे मिटून घेते, मग मधलं पाहते. कडा काळ्या होत्या. मधोमध, हरभऱ्याच्या डाळीएवढं, पिवळं आलं होतं. काचेवर पाण्याचा डाग सोडा, आल्यापासून तिच्या जवळपास ओला हातसुद्धा आलेला नव्हता. ती डाळ आता वाटाण्याएवढी होईल, मग तळहाताएवढी, आणि या वेळी धुणारं कुणी नव्हतं.

खालून, जिन्याच्या पायथ्यापासून, आवाज आला. "काळी हाये का?"

पिवळी, असा एक शब्द म्हटला असता तर म्हातारा त्याच क्षणी सुटला असता. पाणी नसताना पिवळी पडली, मधून पडली, एवढं त्यांना पुरेसं होतं. ते जिना चढून वर आले असते, राखेत उतरावं तसे काचेवर वाकले असते, आणि त्यांना सगळं कळलं असतं, गेल्या वर्षीचंही. आपण पोरीचं काही बुडवलं नव्हतं हे कळलं असतं. आणि तिचं काय काय बुडालं आहे, आणि ती वर्षभर काय बोलली आहे, तेही कळलं असतं.

संपदाने साडीचा तो जुना तुकडा उचलला आणि डाळीएवढ्या पिवळ्यावर ठेवला.

"काळी आहे, बाबा."

खालून गोपीनाथराव म्हणाले, "पाह्यलं? म्हंजे ते माह्याच हातानं गेलं होतं." त्यांच्या आवाजात समाधान होतं. इतके दिवस कुठेतरी एक शंका उरली असेल, तीही आज फिटली. "ये खाली," ते म्हणाले, "चहा ठेवतो."

कपाचं बूड पंच्याला पुसल्याचा आवाज वरपर्यंत येत नाही, पण तिला तो आला. ती बराच वेळ खाली गेली नाही.